खाजकुहिलीपासून जीवाणूंपर्यंत : अमिनो आम्लांपासून चेतासक्रिय संयुगांची निर्मिती

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात पावसाळा सरल्यानंतर शेताच्या कुंपणावर आणि ओढ्याकाठच्या झुडपांवर खाजकुहिलीच्या शेंगा लोंबू लागतात. शेंगेवरील तांबूस लव अंगाला लागली की काय होते, हे ग्रामीण भागात वाढलेल्या वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही. गुराख्यांना नकोशा वाटणाऱ्या या वेलीच्या बिया मात्र काष्ठौषधीच्या दुकानात कवचबीज या नावाने विकल्या जातात. या बियांमध्ये लेव्होडोपा नावाचे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात असते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णास आजही प्रामुख्याने जे औषध दिले जाते ते हेच होय.

हेच संयुग आता जीवाणूंकडून तयार करून घेण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. महाराष्ट्रातील एका विद्यापीठाने त्यात उल्लेखनीय काम केले आहे. पुढचे पाऊल म्हणून, औषध तयार करणारा जीवाणू थेट रुग्णाच्या आतड्यात सोडावा, असाही विचार पुढे आला आहे. या विषयावरील वृत्तपत्रीय लेखनात जीवाणूकडून मेंदूवर परिणाम करणारे रसायन तयार करून घेणे हीच मोठी किमया असल्याचे भासविले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते वस्तुस्थिती निराळी आहे. रसायन तयार करणे हा या कामातील तुलनेने सोपा भाग आहे. ते योग्य टप्प्यावर थांबविणे, पुरेशा प्रमाणात मिळविणे आणि योग्य ठिकाणी पोहोचविणे हे अवघड आहे. विज्ञानेतर शाखांतील सहकाऱ्यांनाही हा फरक ध्यानात यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

कंपवात आणि लेव्होडोपा

मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातील चेतापेशी डोपामिन नावाचे संदेशवाहक रसायन तयार करतात. या पेशी नष्ट होत गेल्या की हालचाली मंदावतात, हात थरथरतो, स्नायू ताठर होतात. मग डोपामिनच का देऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक सूक्ष्म अडसर असतो व डोपामिन तो ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र अमिनो आम्ल असल्याने अमिनो आम्लांसाठी असलेल्या वाहक प्रथिनांच्या साहाय्याने आत जाते आणि तेथे त्याचे डोपामिन होते.

येथील रसायनशास्त्र अगदी सुटसुटीत आहे. डाळीत, दुधात, मांसात असलेले टायरोसिन हे अमिनो आम्ल घ्यावे. त्याच्या वलयावर ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक गट वाढविला की लेव्होडोपा मिळते. लेव्होडोपामधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की डोपामिन तयार होते. म्हणजे औषध हे दोन पायऱ्यांच्या जिन्यावरील मधली पायरी आहे. सजीवांच्या बहुतेक रासायनिक मार्गांत मधल्या पायरीवर कोणीही फार काळ थांबत नाही. पुढील सर्व अडचणींचे मूळ यात आहे.

१९५७ साली आर्विड कार्लसन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून डोपामिनचे महत्त्व दाखवून दिले. १९६१ मध्ये व्हिएन्ना येथे बिर्कमायर व हॉर्निकिविच यांनी रुग्णांना शिरेवाटे लेव्होडोपा दिले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी डोपा तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन उपचाराला व्यवहार्य स्वरूप आणले. मात्र गिळलेल्या औषधाचा बराच भाग मेंदूबाहेरच डोपामिनमध्ये बदलतो; त्यामुळे मळमळ होते व रक्तदाब घसरतो. म्हणून नंतर त्याच्या जोडीला कार्बिडोपा देण्यात येऊ लागले. ते हा बदल मेंदूबाहेर रोखते आणि त्यामुळे लेव्होडोपाची मात्रा सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी करता येते.

कवचबीजाचा अनुभव

आयुर्वेदात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता या नावांनी ही वनस्पती पूर्वापार ज्ञात आहे. तिच्या बियांमधून लेव्होडोपा वेगळे करण्याचे श्रेय मद्रास विद्यापीठातील दामोदरन व रामस्वामी यांच्याकडे जाते. त्यांचा निबंध १९३७ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९१३ मध्ये गुगेनहाइम यांनी युरोपातील बाकला शेंगेतून हेच संयुग मिळविले होते. मुंबईत अशोक वैद्य, नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचबीजाचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष १९७८ साली मांडले. पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय अभ्यासात ६० रुग्णांना प्रमाणित चूर्ण देण्यात आले. साडेसात ग्रॅमच्या प्रत्येक पुडीत सुमारे २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा होते आणि रुग्णांना दिवसाला सरासरी सहा पुड्या लागल्या.

हे आकडे जरा उलगडून पाहावेत. सहा पुड्या म्हणजे ४५ ग्रॅम चूर्ण, आणि त्यातून सुमारे दीड ग्रॅम लेव्होडोपा. कार्बिडोपासह दिल्यास जे काम चारशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर होऊ शकते, त्यासाठी रुग्णाला रोज मूठभर चूर्ण पाण्यात कालवून प्यावे लागते. शिवाय हे चूर्ण प्रमाणित होते. बियांमधील लेव्होडोपाचे प्रमाण वाण, जमीन, शेंगेची पक्वता व साठवण यांनुसार बदलते. ते साधारणतः तीन ते सहा टक्क्यांच्या दरम्यान आढळते. म्हणजे एकाच मापाच्या दोन चमच्यांतील औषधात दुपटीचा फरक पडू शकतो. बाजारात 'शक्तिवर्धक' म्हणून सुटे विकले जाणारे चूर्ण एखाद्या कंपवाताच्या रुग्णाने आपल्या गोळ्यांच्या जोडीला सुरू केले, तर काय होईल याचा अंदाज यावरून करता येतो. 'वनस्पतिजन्य आहे, अपाय नाही' हे वाक्य आपल्याकडे सुशिक्षितांच्या तोंडीही सहज येते. या बाबतीत ते धोकादायक आहे.

वनस्पतीवर अवलंबून राहण्याची आणखी एक बाजू आहे. खाजकुहिलीच्या प्रजातीतील सर्वच वेली विपुल नाहीत. उत्तर सह्याद्रीतून म्युकुना संजप्पी ही नवी जाती शिवाजी विद्यापीठातील आयतवाडे व एस. आर. यादव यांनी २०१२ साली नोंदविली. जी जाती शास्त्राला नुकतीच ठाऊक झाली, तिच्या बियांना औषधासाठी मागणी येणे हे तिच्या दृष्टीने भाग्याचे नव्हे.

कोल्हापूरचा जीवाणू

रसायनउद्योगाने यावर स्वतःचा तोडगा शोधला. मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी लेव्होडोपाचे केवळ उपयुक्त, म्हणजे 'डावे' रूप तयार करणारी उत्प्रेरकी पद्धत विकसित केली. २००१ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. मात्र त्या पद्धतीत महागडे धातू-उत्प्रेरक व अनेक टप्पे लागतात. जीवाणूंचे विकर, म्हणजेच एन्झाइम, हे काम सौम्य तापमानाला, पाण्यात आणि एकाच टप्प्यात करतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील सुरवसे व जाधव यांनी बॅसिलस वर्गातील 'जेपीजे' या जीवाणूवरील संशोधन २०११ साली प्रसिद्ध केले. या जीवाणूमधील टायरोसिनेज हे विकर टायरोसिनचे लेव्होडोपामध्ये रूपांतर करते. सामू ८, तापमान ४० अंश सेल्सिअस आणि ६० मिनिटांचा अवधी अशा परिस्थितीत ९९.४ टक्के रूपांतर झाल्याचे त्यांनी नोंदविले. त्याच प्रयोगशाळेने पुढे ब्रेव्हुंडिमोनास वर्गातील जीवाणूवरही असेच काम केले. येथे परके जनुक घातलेले नाही. निसर्गात आढळलेला जीवाणू आणि त्याला दिलेली योग्य परिस्थिती एवढ्यावरच हे साधले आहे.

टायरोसिनेजचा स्वभाव समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावे लागेल. चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते. वांग्यातील याच कुळातील विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तेथील संयुगांचे ऑक्सिडीकरण करते व त्यापासून काळसर रंगद्रव्ये बनतात. जीवाणूंच्या टायरोसिनेजमध्येही अशा दोन क्षमता एकत्र नांदतात. पहिली टायरोसिनपासून लेव्होडोपा बनविते. दुसरी त्याच लेव्होडोपाचे लगेच डोपाक्विनोन करते आणि पुढे त्याचे मेलॅनिन होते. आपल्या केसांना व त्वचेला काळेपणा देणारे रंगद्रव्य ते हेच. म्हणजे एका हाताने दिलेले विकर दुसऱ्या हाताने काढून घेते. यावरचा उपायही गृहिणींना ठाऊक असलेलाच आहे : फोडींवर लिंबू पिळणे. लिंबातील ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व 'क', डोपाक्विनोनला पुन्हा लेव्होडोपावर आणते. कोल्हापूरच्या प्रयोगात ॲस्कॉर्बिक आम्ल होतेच. त्याबरोबर टायरोसिनेजच्या कार्यास तांबे आवश्यक असल्याने मोरचूदही वापरण्यात आला होता.

आता ९९.४ टक्के या आकड्याविषयी. तो वाचून आता औषध स्वस्त होणार असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु टक्केवारी ही दिलेल्या टायरोसिनची असते आणि टायरोसिन पाण्यात अतिशय कमी विरघळते. २५ अंशांना एका लिटरमध्ये जेमतेम ०.४५ ग्रॅम विरघळते. तेवढ्याचे शंभर टक्के रूपांतर झाले तरी रेणुभाराच्या हिशेबाने सुमारे ०.४९ ग्रॅम लेव्होडोपा मिळेल. दिवसाला ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी अशा द्रावणाचे साडेचारशे लिटर लागतील, आणि त्यातून ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढावे लागेल ते निराळेच. न विरघळलेले टायरोसिन पात्रात राखून हळूहळू वापरात आणता येते, तरी मूळ अडचण संपत नाही. संशोधकांच्या कामाला यामुळे उणेपणा येत नाही. पदव्युत्तर वर्गात टक्केवारी व प्रत्यक्ष उत्पादन यांतील भेद शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकास सापडलेले नाही.

जपानमध्ये ही अडचण ओळखून टायरोसिनला बगल देण्यात आली. क्योटो विद्यापीठातील यामादा व कुमागाई यांच्या संशोधनाच्या आधारे अजिनोमोतो कंपनीने अर्विनिया जीवाणूतील टायरोसिन फिनॉल-लायेज हे विकर वापरले. ते कॅटेकॉल, पायरुव्हिक आम्ल व अमोनिया या तिघांना जोडून थेट लेव्होडोपा बनविते. उत्पादन लिटरमागे दहा ग्रॅमच्या बरेच पुढे जाते व लेव्होडोपाचे स्फटिक पात्रातच खाली बसतात. १९९० च्या दशकात ही पद्धत कारखान्यात आली.

जनुकीय अभियांत्रिकीचे काम

साखर खाऊ घालावी आणि लेव्होडोपा बाहेर पडावे, हे उद्दिष्ट समोर ठेवले की मात्र जनुकांना हात लावणे अपरिहार्य होते. यासाठी बहुधा ई. कोलाय हा जीवाणू निवडतात. तो ग्लुकोजपासून स्वतःपुरते टायरोसिन बनवितोच. तो मार्ग शिकिमिक आम्लाचा. आपल्या शेतांत फवारले जाणारे ग्लायफोसेट तणनाशक वनस्पतींमधील याच मार्गावर घाव घालते. टायरोसिन पुरेसे झाले की जीवाणू मार्गाच्या आरंभीचेच विकर बंद करतो. कोठार भरल्यावर धान्य आणू नये, इतके हे साधे शहाणपण आहे. अभियंत्याला नेमके हे शहाणपण मोडावे लागते. ज्या विकरावर टायरोसिनचा लगाम चालत नाही असे त्याचे बदललेले रूप जीवाणूत घातले जाते. ग्लुकोज आत घेताना जीवाणू ज्या कच्च्या मालाचा व्यय करतो, तो वाचविण्यासाठी ग्लुकोजचे प्रवेशद्वारही बदलले जाते.

टायरोसिनपासून लेव्होडोपाच्या पायरीसाठी टायरोसिनेज न घेता ई. कोलायच्याच काही प्रकारांत असलेले एचपीएबीसी हे दोन घटकांचे विकर वापरतात. ते मुळात दुसऱ्याच एका संयुगावर काम करण्यासाठी आहे. पण टायरोसिनही स्वीकारते. महत्त्वाचे म्हणजे ते लेव्होडोपाला पुढे काळे करीत नाही. मधल्या पायरीवर थांबण्याची जी समस्या कोल्हापुरात ॲस्कॉर्बिक आम्लाने सोडविली गेली, ती येथे विकराच्या निवडीनेच सुटते. मेक्सिकोतील मुन्योस, गोसेट व सहकाऱ्यांनी २०११ साली या पद्धतीने ग्लुकोजपासून लिटरला १.५१ ग्रॅम लेव्होडोपा मिळविले. योगायोग असा की कोल्हापूरचा निबंधही त्याच वर्षीचा आहे. त्यानंतर इतर गटांनी हे उत्पादन कितीतरी वाढविले आहे.

अमिनो आम्लांपासून बनणाऱ्या इतर चेतासक्रिय संयुगांबाबतही अशीच कथा आहे. ग्लुटामिक आम्लातील कार्बन डायऑक्साइड काढला की गाबा हे मेंदूतील उत्तेजना शमविणारे संयुग मिळते. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनते. दुग्धाम्ल जीवाणूंपैकी काही गाबा मुबलक तयार करतात. मात्र त्यांचा हेतू आपला मेंदू शांत करणे हा नसतो. कार्बन डायऑक्साइड निघून जाताना पेशीतील आम्लता कमी होते आणि आंबट परिसरात जीवाणू तगून राहतो, एवढाच त्याचा स्वार्थ. 'मनःशांती देणारे जीवाणू' अशा जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवावे.

आतड्यातील कारखाना

कंपवाताच्या रुग्णास काही वर्षांनंतर गोळीचा प्रभाव चढ-उताराने जाणवू लागतो. गोळी लागू असेपर्यंत हालचाल ठीक, ती उतरली की शरीर थिजते. औषध संथपणे, अखंड मिळत राहिले तर हा त्रास कमी होईल. म्हणून लेव्होडोपा बनविणारा जीवाणू आतड्यातच वसवावा ही कल्पना पुढे आली. तिच्यासाठी निवडलेला जीवाणू म्हणजे 'नीसल १९१७' हा ई. कोलायचा निरुपद्रवी प्रकार. पहिल्या महायुद्धात भोवतालच्या सैनिकांना हगवण झालेली असताना जो एक सैनिक निरोगी राहिला, त्याच्या विष्ठेतून आल्फ्रेड नीसल यांनी तो मिळविला होता. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या जीवाणूत लेव्होडोपानिर्मितीची क्षमता बसवून उंदरांवर आशादायक निष्कर्ष मिळविले आहेत.

परंतु आतडे ही रिकामी जागा नाही. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात मैनी रेकदाल, बाल्स्कस, टर्नबॉ आदींनी दाखविले की, आतड्यातील एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जीवाणू लेव्होडोपाचे डोपामिन करतो आणि एगरथेला लेंटा हा दुसरा जीवाणू त्या डोपामिनचेही रूपांतर करून टाकतो. जीवाणूंच्या विकरावर कार्बिडोपाचा परिणाम होत नाही. म्हणजे रुग्णाच्या गोळीला पोटातच वाटेकरी असतात. अभियांत्रिकी जीवाणूने तयार केलेले लेव्होडोपा याच वाटेकऱ्यांच्या शेजारी बाहेर पडणार. त्यात भर म्हणजे लेव्होडोपाचे शोषण मुख्यत्वे लहान आतड्याच्या वरच्या भागात होते; जीवाणूंची दाट वस्ती मात्र मोठ्या आतड्यात असते. शिवाय गोळी द्यायची थांबविता येते. पोटात वाढणाऱ्या जीवाणूची मात्रा कोण व कशी ठरविणार?

याच नीसल जीवाणूत फेनिलॲलनिनचा निचरा करणारे विकर बसवून सिनलॉजिक या अमेरिकी कंपनीने फेनिलकीटोन्युरिया या आनुवंशिक विकारावर उपचार योजला होता. बाहेरून विशिष्ट घटक पुरविल्याशिवाय तो जीवाणू वाढू शकत नाही, अशी सुरक्षिततेची तजवीजही त्यात होती. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीपर्यंत तो पोहोचला. २०२४ च्या आरंभी अपेक्षित परिणाम साधण्याची शक्यता दिसत नसल्याने चाचणी थांबविण्यात आली. अमिनो आम्ल नष्ट करण्याच्या, तुलनेने सोप्या कामाची ही गत झाली. मेंदूवर कार्य करणाऱ्या द्रव्याची अचूक मात्रा पोटातील जीवाणूकडून मिळण्यास, प्रस्तुत लेखकाच्या मते, बराच अवधी आहे. तोपर्यंत जीवाणू पात्रात व रुग्णाच्या हाती शुद्ध गोळी, हीच विभागणी श्रेयस्कर.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने

जनुकीय बदल केलेल्या जीवाणूंवर काम करण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ चे नियम लागू होतात. संस्थेत जैवसुरक्षा समिती असल्याशिवाय असे काम करता येत नाही. या नियमांत जिल्हास्तरीय समितीचीही तरतूद असून जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाचनात आलेले असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांच्या प्रकल्पासाठी हा मार्ग सुचविणे योग्य नाही.

तसे करण्याची गरजही नाही. टायरोसिनेज असलेले जीवाणू मातीतून वेगळे करता येतात. टायरोसिनयुक्त आगारवर त्यांच्या वसाहती काळसर होतात. प्रमाणित जीवाणू हवे असल्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडे मागणी करता येते. लेव्होडोपाच्या मापनासाठी आर्नो यांची पद्धत आहे. नायट्राइट-मोलिब्डेट मिसळल्यावर पिवळा आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर लाल होणारा रंग साध्या कलरीमीटरवर मोजता येतो. ही पद्धतही १९३७ सालचीच. येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. हा रंग लेव्होडोपाचाच असतो असे नाही. कॅटेकॉल गट असलेले कोणतेही संयुग, उदाहरणार्थ डोपामिन, तो देऊ शकते. केवळ लाल रंगाच्या आधारे 'लेव्होडोपा मिळाले' असे लिहिलेले प्रकल्प अहवाल मान्य करू नयेत. निदान पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत प्रमाणित नमुन्याशेजारी ठिपका जुळलेला दाखवावा. शक्य असल्यास जवळच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एचपीएलसी यंत्रावर पडताळणी करावी.

आपल्या परिसराला अनुरूप असा आणखी एक विषय सहज हाती घेता येण्याजोगा आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाचही तालुक्यांतून खाजकुहिलीच्या पक्व शेंगा गोळा कराव्यात. वेल उपटू नयेत. त्यांतील लेव्होडोपाचे प्रमाण ताज्या बियांत, तसेच सहा महिने साठविलेल्या बियांत मोजावे आणि त्याच वेळी बाजारातून विकत आणलेल्या कवचबीज चूर्णाचे नमुने शेजारी ठेवावेत. हातमोजे व पूर्ण बाह्यांचा अंगरखा यांव्यतिरिक्त या कामास विशेष खर्च नाही.